ठेव कशाने येते, कशाने टिकते

६ मार्च २०२० च्या सकाळी ठाण्याच्या जांभळी नाक्यापासून कल्याणच्या शिवाजी चौकापर्यंत आणि तेथून डोंबिवलीच्या फडके रोडपर्यंत असंख्य दुकानांच्या गल्ल्यावर लावलेले फोनपेचे क्यूआर कोड एकाएकी मुके झाले. गिऱ्हाईक मोबाईल पुढे धरी, पैसे जात नसत. आपल्या खात्याला काही झाले आहे की काय, या शंकेने अनेक दुकानदारांनी प्रथम स्वतःच्याच बँकेत चौकशी केली. खरे कारण निराळेच होते. फोनपेचे व्यवहार त्या काळी येस बँकेमार्फत होत आणि आदल्या दिवशी, गुरुवारी सायंकाळी, रिझर्व्ह बँकेच्या विनंतीवरून केंद्र सरकारने येस बँकेवर निर्बंध आणले होते. ३ एप्रिलपर्यंत कोणत्याही खातेदारास ५० हजार रुपयांहून अधिक रक्कम काढता येणार नव्हती. ज्यांचा येस बँकेशी कधीच संबंध आला नव्हता, अशा व्यापाऱ्यांच्याही गल्ल्यापर्यंत त्या आदेशाची झळ पोहोचली.

ज्यांची ठेव त्या बँकेत होती त्यांची स्थिती अर्थातच बिकट होती. परंतु आकडे पाहिले असता आणखी एक गोष्ट उघड होते. सप्टेंबर २०१९ अखेर येस बँकेकडे सुमारे २ लाख ९ हजार कोटी रुपयांच्या ठेवी होत्या. निर्बंध आले त्या ५ मार्चला त्या सुमारे १ लाख ३७ हजार कोटींवर आलेल्या होत्या. म्हणजे आदेश निघण्यापूर्वीच ७२ हजार कोटी रुपये बाहेर पडले होते. हे पैसे कोणाचे असावेत, हे सांगण्यास ज्योतिषी लागत नाही. ज्यांच्याकडे ताळेबंद वाचणारी माणसे असतात, ज्यांची रक्कम मोठी असते, ते प्रथम निघतात. पासबुक भरून घेण्यासाठी महिन्यातून एकदा शाखेत जाणारा ज्येष्ठ नागरिक आणि वर्षातून एकदा हिशेब पाहणारा संस्थेचा विश्वस्त दाराशी अडकतो.

हीच येस बँक नऊ वर्षांपूर्वी ठेवी खेचून घेण्याच्या बाबतीत सर्वांच्या कौतुकाचा विषय होती. २५ ऑक्टोबर २०११ रोजी रिझर्व्ह बँकेने बचत खात्यावरील व्याजदर ठरवण्याचे स्वातंत्र्य बँकांना दिले. तोपर्यंत सर्व बँकांना एकच दर असे आणि त्या वेळी तो ४ टक्के होता. मोठ्या बँका स्वस्थ राहिल्या. येस बँक आणि कोटक महिंद्र यांनी मात्र लगोलग ६ टक्क्यांपर्यंत मजल मारली आणि पुढे येस बँक मोठ्या शिलकेवर ७ टक्के देऊ लागली. नव्या बँकेला नाव नसते, शाखा थोड्या असतात. तिने दराचे आमिष दाखवावे यात गैर काही नाही. पण केवळ दरासाठी आलेली ठेव दुसरीकडे पाव टक्का अधिक मिळताच वा पहिली अफवा कानी येताच चालू लागते. खाजगी बँकांच्या ठेवींचा विचार करताना, ठेव येण्याची कारणे आणि ती टिकण्याची कारणे वेगळी धरणे म्हणूनच आवश्यक ठरते.

ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात हा भेद विशेष स्पष्टपणे दिसतो, कारण येथे खाजगी बँका उशिरा आल्या. १९ जुलै १९६९ रोजी १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्यानंतरच्या चारच वर्षांत या भागात तीन नागरी सहकारी बँका उभ्या राहिल्या: १९७० मध्ये डोंबिवली नागरी, १९७२ मध्ये ठाणे जनता आणि १९७३ मध्ये कल्याण जनता. त्यांचे संचालक गावातलेच, कर्मचारी शेजारच्या चाळीतले आणि व्यवहाराची भाषा मराठी. सकाळी लोकल पकडून मुंबईला जाणाऱ्या आणि दिवेलागणीनंतर परतणाऱ्या नोकरदाराला सायंकाळी उघडी असणारी खिडकी किती मोलाची वाटते, हे या बँकांना सांगावे लागले नाही. आपल्या पेढ्यांवरील अनेक कुटुंबांचे पहिले चालू खाते आणि पहिले कॅश क्रेडिट याच बँकांतील आहे. येथे दर हा प्रश्न नव्हताच. शाखाधिकारी आपल्या आजोबांना ओळखतो, ही भावना ठेवीमागे होती.

१९९१ च्या नरसिंहम समितीच्या शिफारशींनंतर रिझर्व्ह बँकेने जानेवारी १९९३ मध्ये नव्या खाजगी बँकांना दार उघडले. किमान भांडवल १०० कोटी आणि संगणकीकरण पहिल्या दिवसापासून, या अटींवर एचडीएफसी, आयसीआयसीआय, यूटीआय म्हणजे आजची ॲक्सिस, इंडसइंड, ग्लोबल ट्रस्ट इत्यादी बँका निघाल्या. डोंबिवलीचा पैसा त्यांच्याकडे डोंबिवलीतून गेला नाही, मुंबईतून गेला. नरिमन पॉइंट, लोअर परळ, अंधेरी येथील कार्यालयांनी कर्मचाऱ्यांची पगारखाती एकगठ्ठा या बँकांत उघडली. खातेदाराने बँक निवडलीच नव्हती. त्याच्या मालकाने ती निवडली होती. नंतर त्याच खातेदाराच्या सोयीसाठी स्थानकाजवळ एटीएम आले, त्यामागोमाग शाखा आली, आणि पत्नीचे खाते, मुलाचे खाते, आईवडिलांची मुदत ठेव अशी एकेक कडी जोडली गेली. घरापर्यंत पोहोचण्याचा खाजगी बँकांचा मार्ग कार्यालयाच्या दारातून गेला.

व्यापाऱ्याचा मार्ग वेगळा होता आणि तो अधिक बारकाईने पाहण्यासारखा आहे. कल्याणच्या कापड व्यापाऱ्याला सुरतेला रक्कम धाडायची असे तेव्हा तो डिमांड ड्राफ्ट काढी. त्यासाठी रांग, कमिशन, मग कुरिअर आणि तोवर माल अडलेला. नव्या बँकांनी त्याला देशभर कोठेही स्थानिक म्हणून वटणारा धनादेश दिला, कोणत्याही शाखेत भरणा करण्याची मुभा दिली आणि दुकानातून रोकड नेणारा माणूस पाठवला. २००४ मध्ये आरटीजीएस आणि २००५ मध्ये एनईएफटी आले तेव्हा ज्यांची संगणक व्यवस्था तयार होती त्यांच्या पदरात हा व्यवहार प्रथम पडला. नंतर कार्ड स्वाइप करण्याचे यंत्र आले आणि त्यानंतर ‘रुपये प्राप्त झाले’ असे मोठ्याने सांगणारा साउंडबॉक्स. प्रत्येक वेळी मागणी एकच असे: वसुली आमच्या खात्यात जमा होऊ द्या.

कारण चालू खात्यावर बँक व्याज देत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ते देताच येत नाही. मुदत ठेवीसाठी बँकेला साडेसहा टक्के मोजावे लागत असतील तर व्यापाऱ्याच्या गल्ल्यातून रोज येणारी आणि तिसऱ्या दिवशी जाणारी रक्कम तिला फुकट मिळते. एकेका दुकानाची शिल्लक लहान असते. पण एका बाजारपेठेतील चारशे दुकानांची मिळून सरासरी शिल्लक काढली की ती कोणत्याही मोठ्या मुदत ठेवीपेक्षा अधिक स्थिर असते. जांभळी नाक्यावर एकाच रस्त्याला इतक्या बँका दाटीवाटीने का बसल्या आहेत, याचे उत्तर या हिशेबात आहे. व्यापारी मात्र हा हिशेब क्वचितच मांडतो. दरसाल चार-पाच लाख रुपये चालू खात्यात निजवून ठेवणारी आणि पाव टक्का अधिक व्याजासाठी मुदत ठेव या बँकेतून त्या बँकेत हलवणारी कुटुंबे आपल्यात थोडीथोडकी नाहीत. ठराविक शिलकेवरील रक्कम आपोआप मुदत ठेवीत वळवण्याची सोय बहुतेक खाजगी बँकांत आहे. ती मागावी लागते, कोणी आपणहून सुचवीत नाही.

कर्ज जिथे, तिथे चालू खाते, हे सूत्र तर आता नियमानेच दृढ झाले आहे. ऑगस्ट २०२० च्या परिपत्रकाने कॅश क्रेडिट वा ओव्हरड्राफ्ट घेणाऱ्यांना अन्यत्र चालू खाते उघडण्यावर रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातल्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये एकूण कर्ज पाच कोटींपेक्षा कमी असणाऱ्यांसाठी हे बंधन सैल झाले, तरी तोपर्यंत पुष्कळ खाती हलली होती. तात्पर्य, ज्या बँकेचे कर्ज देण्याचे हात लांब, तिच्याकडे ठेवीही वळतात. ठेव मागायला येणारा अधिकारी बोलणे कर्जाच्या मंजुरीपासून सुरू करतो ते यासाठीच.

इतके असूनही सहकारी बँकांपासून खाजगी बँकांकडे ठेवीदारांचे मन वळवण्यात सर्वांत मोठा वाटा खाजगी बँकांच्या कोणत्याही योजनेचा नाही. तो २४ सप्टेंबर २०१९ च्या सकाळचा आहे. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि खातेदाराला सहा महिन्यांत केवळ एक हजार रुपये काढता येतील, असे जाहीर झाले. ती मर्यादा दोन दिवसांत १० हजार, नंतर २५ हजार, ४० हजार, ५० हजार अशी वाढवावी लागली. बँकेच्या कर्जांचा फार मोठा भाग एकाच बांधकाम उद्योगसमूहाकडे गुंतलेला होता आणि तो दडवण्यात आला होता. जानेवारी २०२२ मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. सामान्य ठेवीदारांना विम्याचे पाच लाख मिळाले. त्यावरील रक्कम टप्प्याटप्प्याने, मोठ्या ठेवीदारांना तर दहा वर्षांपर्यंत थांबून मिळणार, असे ठरले. संस्थात्मक ठेवीदारांच्या वाट्याला जे आले ते प्रत्येक विश्वस्ताने मुद्दाम वाचावे: विम्यापलीकडील रकमेचा ८० टक्के भाग, वर्षाला एक टक्का लाभांश देणाऱ्या आणि परतफेडीची मुदत नसलेल्या प्राधान्य समभागांत रूपांतरित झाला. ठेव म्हणून दिलेला पैसा भागभांडवल होऊन बसला.

ठाणे, कल्याण वा डोंबिवली येथील सुस्थितीतील सहकारी बँकांचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नव्हता. त्या आजही उभ्या आहेत आणि त्यांच्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु भीतीला विवेक नसतो, आणि ‘सहकारी’ या शब्दावरच सावट आले. ज्येष्ठांच्या ठेवी मुलांनी खाजगी वा सरकारी बँकांत हलवल्या. सहाच महिन्यांनी येस बँकेचा प्रसंग घडला तेव्हा वारा फिरला आणि खाजगी बँकांतून सरकारी बँकांकडे धाव सुरू झाली. महाराष्ट्र शासनानेही आपल्या विभागांना खाती सरकारी बँकांत नेण्यास सांगितले. खाजगी बँकांत पैसा सुरक्षित आहे, घाईने ठेवी हलवू नयेत, असे रिझर्व्ह बँकेला राज्यांना कळवावे लागले.

अशा प्रसंगी इतिहास काय सांगतो, हे पाहणे हितकर ठरते. १९६० मध्ये केरळातील पलई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. त्या धक्क्यातून १ जानेवारी १९६२ पासून ठेवींचा विमा सुरू झाला. त्या वेळचे संरक्षण होते १,५०० रुपयांचे. १९९३ मध्ये ते एक लाख झाले आणि जवळजवळ २७ वर्षे तेथेच थांबले. ४ फेब्रुवारी २०२० पासून ते पाच लाख आहे. दुसरीकडे, अलीकडच्या काळात जी व्यापारी बँक अडचणीत आली तिच्या ठेवीदारांची मुद्दल बुडू दिली गेली नाही. २००४ मध्ये ग्लोबल ट्रस्ट बँक ओरिएंटल बँकेत गेली. २००६ मध्ये साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक, १९३६ पासूनची मराठी माणसांची बँक, आयडीबीआयमध्ये गेली. २०२० मध्ये लक्ष्मी विलास बँक डीबीएसमध्ये गेली आणि येस बँकेला स्टेट बँकेने इतर खाजगी बँकांसह भांडवल पुरवून सावरले. या चारही वेळी ठेवीदाराला काही दिवस वा आठवडे मनस्ताप झाला, पण पैसा मिळाला.

खाजगी बँकांकडे येणाऱ्या ठेवीचा खरा पाया हा अनुभव आहे. व्यापारी बँक मोडू लागली तर रिझर्व्ह बँक तिला कोणाच्या तरी पदरात घालते, असे ठेवीदाराने मनाशी धरले आहे आणि आजवर ते खोटे ठरलेले नाही. मात्र हा अनुभव आहे, कायदा नव्हे. कायद्याने हमी आहे ती पाच लाखांची, मुद्दल आणि व्याज मिळून.

सध्याच्या काळात दराचा मुद्दा तर जवळजवळ निकालात निघाला आहे. जून २०२५ मध्ये स्टेट बँक, एचडीएफसी आणि आयसीआयसीआय या तिन्ही बँकांचा बचत खात्याचा दर एकसारखा, २.५० टक्के झाला. २०११ मध्ये मिळालेले स्वातंत्र्य फिरून एकाच आकड्यावर येऊन थांबले, ते पूर्वीपेक्षा खाली. त्याच वेळी बचत करणाऱ्याची नवी पिढी बँकेला वळसा घालू लागली आहे. म्युच्युअल फंडांच्या एसआयपीत दरमहा येणारी रक्कम एप्रिल २०२४ मध्ये प्रथमच २० हजार कोटींपलीकडे गेली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात २५ हजार कोटींपलीकडे. १ जुलै २०२३ रोजी एचडीएफसी ही गृहकर्ज संस्था एचडीएफसी बँकेत विलीन झाल्यावर देशातील सर्वांत मोठ्या खाजगी बँकेची कर्जे तिच्या ठेवींहून अधिक झाली. शंभर रुपये ठेवीमागे सुमारे ११० रुपये कर्ज, असा तो हिशेब होता. तेव्हापासून ठेवींची भूक किती वाढली आहे, याचा प्रत्यय पर्युषणाच्या दिवसांतही ठेवीसाठी येणाऱ्या दूरध्वनींवरून ज्याला त्याला येत असेल.

या भुकेचे वर्तन मात्र विचित्र आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आयसीआयसीआय बँकेने महानगरे व शहरांतील नव्या बचत खात्यांसाठी किमान सरासरी शिल्लक ५० हजार रुपये केली आणि गदारोळ होताच काही दिवसांत ती १५ हजारांवर आणली. स्टेट बँकेने किमान शिलकेचा दंड मार्च २०२० मध्येच रद्द केलेला आहे. ज्याच्याकडे आज १५ हजार आहेत त्याच्याकडे वीस वर्षांनी १५ लाख असतील, हा विचार डोंबिवलीच्या जुन्या सहकारी शाखाधिकाऱ्याला पाठ होता.

दुसरा दोष माणसांचा आहे. खरे तर माणसे न टिकण्याचा. काही खाजगी बँका आणि स्मॉल फायनान्स बँका यांत नोकरी सोडून जाण्याचे प्रमाण वर्षाला सुमारे २५ टक्के असल्याचे रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२४ च्या अहवालात नमूद केले आहे. चारांपैकी एक माणूस दरवर्षी बदलतो, तेथे ओळख जुळायची कशी? ज्या ‘रिलेशनशिप मॅनेजर’च्या शब्दावर काकूंनी ठेव ठेवली तो पुढच्या दिवाळीस समोरच्या बँकेत असतो आणि तेथून फोन करतो. त्याच्यावर विमा विकण्याचे लक्ष्यही असते. मुदत ठेव करावयास गेलेल्या वृद्धाच्या हाती पाच वर्षे हप्ते भरण्याची विमा पॉलिसी पडल्याच्या कथा प्रत्येक वसाहतीत ऐकू येतात. अशी एक कथा देरासराच्या पायरीवर सांगितली गेली की वीस ठेवी जातात. त्यांची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही.

आता प्रश्न संस्थांच्या पैशाचा. आपल्या प्रत्येक संघाकडे, पाठशाळेकडे, जीवदया निधीकडे ठेवी आहेत आणि खाजगी बँकांना त्या हव्या आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३५ नुसार हा पैसा अनुसूचित बँकेत, टपाल बचत बँकेत किंवा शासनमान्य सहकारी बँकेत ठेवता येतो. म्हणजे खाजगी अनुसूचित बँकेत ठेवणे पूर्णतः वैध आहे. विश्वस्त मंडळाच्या बैठकीत मात्र चर्चा बहुधा दरावरच होते. ५० लाखांच्या ठेवीवर अर्धा टक्का अधिक म्हणजे वर्षाला २५ हजार रुपये. त्या २५ हजारांसाठी ४५ लाख रुपये विम्याबाहेर एकाच बँकेत राहतात, हे इतिवृत्तात लिहिले जात नाही. संस्था ही एकच ठेवीदार मानली जाते. एकाच बँकेच्या दहा शाखांत दहा खाती उघडली तरी विमा एकदाच, पाच लाखांचा. देवद्रव्य, साधारण आणि जीवदया असे तीन निधी हिशेबात वेगळे असले तरी ट्रस्ट एक असेल तर विम्याच्या दृष्टीने ते एकत्र मोजले जातात.

कुटुंबाच्या ठेवींना तुलनेने अधिक वाव आहे. भागीदारी पेढीचे खाते भागीदारांच्या व्यक्तिगत खात्यांहून वेगळे धरले जाते. एकट्या मालकाच्या दुकानाचे खाते मात्र त्याच्या स्वतःच्या बचत व मुदत ठेवीत मिळवले जाते. पतिपत्नींच्या संयुक्त ठेवीत नावांचा क्रम बदलला तर ती विम्यासाठी वेगळी ठेव ठरते. शिवाय, एक कोटीपर्यंतच्या व्यक्तिगत ठेवीला मुदतीपूर्वी मोडण्याची सोय असलीच पाहिजे, असा ऑक्टोबर २०२३ पासून नियम आहे. त्याहून मोठ्या रकमेवर थोडा अधिक दर दिसला तर ती मोडता येणारी आहे का, हे पावतीवर वाचून घ्यावे.

येस बँकेवरील निर्बंध १८ मार्च २०२० रोजी सायंकाळी सहा वाजता उठले. दुसऱ्या दिवसापासून तीन दिवस तिच्या शाखा एक तास आधी, साडेआठला उघडल्या. आठवड्याच्या आत टाळेबंदी लागू झाली आणि मार्चअखेर बँकेच्या ठेवी सुमारे १ लाख ५ हजार कोटींवर आल्या, म्हणजे सहा महिन्यांत निम्म्या. त्यानंतरच्या एका वर्षात मात्र त्या १ लाख ६२ हजार कोटींच्या पुढे गेल्या. बँकेचे नाव तेच होते, शाखाही त्याच होत्या. भागधारकांच्या यादीत पहिले नाव आता स्टेट बँकेचे होते.